फवाऱ्यातून प्रकाश : फॉस्फर भुकटीची निर्मिती आणि टी. नगरच्या दिव्यांचे अर्थकारण

चेन्नईतील टी. नगर, म्हणजे त्यागराय नगर, ही देशातील सर्वाधिक गजबजलेल्या किरकोळ बाजारपेठांपैकी एक होय. हातमाग व्यवसायाशी निकटचा संबंध असलेले जस्टिस पक्षाचे नेते सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांच्या नावाने १९२० च्या दशकात वसवलेली ही वस्ती. आज पनगल पार्कभोवती रेशमी साड्यांची, उस्मान रोडवर सोन्याची आणि रंगनाथन स्ट्रीटवर भांड्यांपासून तयार कपड्यांपर्यंत सर्व वस्तूंची बहुमजली दुकाने तेथे दाटीवाटीने उभी आहेत. या दुकानांना खिडक्या जवळजवळ नाहीतच. भर दुपारीही तेथील सारा व्यवहार कृत्रिम प्रकाशात चालतो. साडी पसंत पडली तरी ती हातात घेऊन दाराशी जाणारे आणि उन्हात तिचा रंग एकदा पडताळून पाहणारे ग्राहक तेथे नेहमी दिसतात. पुण्या-औरंगाबादकडे पैठणी घेणाऱ्या स्त्रियाही हेच करतात. या कृतीला जुन्या पिढीचा हट्ट समजण्याचे कारण नाही. तिच्यामागे भौतिकशास्त्र आहे आणि, प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे म्हणजे, अर्थशास्त्रही आहे.

आजच्या एलईडी दिव्याचा पांढरा प्रकाश मुळात पांढरा नसतो. दिव्यातील अर्धवाहक चकती केवळ निळा प्रकाश देते. तिच्यावर पिवळसर भुकटीचा पातळ थर असतो. निळ्या प्रकाशाचा काही भाग ही भुकटी शोषून घेते आणि त्याचे पिवळ्या प्रकाशात रूपांतर करते. उरलेला निळा आणि नवा पिवळा यांच्या मिश्रणाला आपला डोळा पांढरा म्हणतो. या भुकटीला फॉस्फर असे नाव आहे. (नावावरून वाटते तसा तिच्यात फॉस्फरस असतोच असे नाही.) निळ्या एलईडीच्या शोधासाठी आकासाकी, आमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तथापि ती निळी चकती घरोघरच्या वापराची झाली ती या पिवळ्या भुकटीमुळे. जपानच्या निचिया कंपनीने १९९६ मध्ये बाजारात आणलेल्या पांढऱ्या एलईडीत सिरियमयुक्त इट्रियम ॲल्युमिनियम गार्नेट, संक्षेपाने याग, हे फॉस्फर होते. आजही बहुसंख्य दिव्यांचा आधार तेच आहे.

भारताने एलईडीचा प्रसार ज्या वेगाने केला त्याला जगात फारशी तोड नाही. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या उजाला योजनेखाली ३६ कोटींहून अधिक दिवे वितरित झाले. सामूहिक खरेदीमुळे एका दिव्याची खरेदी-किंमत २०१४ मधील ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत खाली आली. सार्वजनिक खरेदीतून बाजारभाव कसा घडवता येतो याचे हे उदाहरण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवण्यासारखे आहे. परंतु या यशाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. देशात दिव्यांची जुळणी होते, कवच आणि उष्णता शोषणारे भाग बनतात, चालक-परिपथ बनू लागले आहेत. निळी चकती आणि फॉस्फर मात्र प्रामुख्याने बाहेरून येतात. चकतीसाठी हजारो कोटींची गुंतवणूक आणि दीर्घ तांत्रिक परंपरा लागते. फॉस्फरचे तसे नाही. त्याच्या निर्मितीची एक पद्धत, फवारा-शुष्कन, आपल्या देशाला सत्तर वर्षांपासून परिचित आहे. फक्त ती दुधासाठी.

दुधाची भुकटी आणि दिव्याची भुकटी

फवारा-शुष्कनाचे पहिले पेटंट अमेरिकेत सॅम्युअल पर्सी यांनी १८७२ मध्ये घेतले. तत्त्व अगदी साधे आहे. द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब करून ते गरम हवेत सोडावयाचे, म्हणजे थेंबातील पाणी क्षणार्धात उडते आणि घन कण खाली पडतो. म्हशीच्या दुधाची भुकटी या पद्धतीने होऊ शकत नाही असे परदेशी तज्ज्ञांचे ठाम मत होते. आणंद येथे एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली आणि १९५५ मध्ये तेथील भुकटी-कारखान्याचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. पुढे वारणेपासून तमिळनाडूच्या आविनपर्यंत सहकारी दूधसंघांनी हे तंत्र आत्मसात केले. इन्स्टंट कॉफी, धुण्याची पावडर, औषधे आणि मोरबीच्या फरशांसाठी लागणारी माती हे सर्व याच यंत्रातून जाते. (फिल्टर कॉफीचा अभिमान बाळगणाऱ्या चेन्नईकरांना यातील कॉफीचे उदाहरण रुचणार नाही, हे मान्य करावयास हवे.) सांगण्याचा मुद्दा हा की शुष्कक बनवणारे, चालवणारे आणि दुरुस्त करणारे हात देशात आहेत.

फॉस्फरच्या रूढ पद्धतीत हे यंत्र नसते. इट्रियम, ॲल्युमिनियम आणि सिरियम यांची ऑक्साइडे कोरड्या स्वरूपात गोळ्यांच्या चक्कीत एकत्र दळतात आणि १५०० ते १६०० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत कित्येक तास भाजतात. घन कण एकमेकांत सहज मिसळत नाहीत. ज्या ठिकाणी दोन कण एकमेकांना टेकतात तेथूनच अभिक्रिया हळूहळू आत सरकते, म्हणून एवढे तापमान आणि एवढा वेळ. भट्टीतून बाहेर येतो तो दगडासारखा गोळा. तो फोडावा लागतो, पुन्हा दळावा लागतो, चाळावा लागतो. येथेच खरे नुकसान होते. दळताना कणांच्या पृष्ठभागावरील स्फटिकरचना मोडते आणि मोडलेल्या जागी शोषलेली ऊर्जा प्रकाश न होता उष्णता होऊन वाया जाते. कणांचे आकारही वेडेवाकडे राहतात.

फवारा-शुष्कनात ही मिसळण्याची क्रिया द्रवातच उरकते. तिन्ही धातूंचे क्षार योग्य प्रमाणात पाण्यात विरघळवले की अणूंच्या पातळीवर एकजीव मिश्रण तयार होते. यात सिरियमचे प्रमाण फार थोडे असते. इट्रियमच्या दर शंभर अणूंपैकी दोन जागी सिरियम बसवावयाचे ठरवले तर एक किलो यागसाठी सिरियम ऑक्साइड लागते अवघे १७ ग्रॅम. ते सर्व राशीत समान पसरणे निर्णायक असते. कारण प्रकाश देतो तो सिरियमचा अणू, बाकीचा स्फटिक म्हणजे त्याचे घर. एका ठिकाणी सिरियमची दाटी झाली तर हे अणू एकमेकांचीच ऊर्जा गिळतात आणि दुसरा भाग अंधारा राहतो. १७ ग्रॅम पदार्थ कोरड्या दळणाने एक किलोत समान पसरवणे किती अवघड आहे, हे पिठात मीठ मिसळणाऱ्या कोणासही कळेल. पाण्यात ते आपोआप होते.

नंतर हे द्रावण शुष्कक-कोठीच्या माथ्यावरील तोटीतून दाबलेल्या हवेसह सोडतात, किंवा मिनिटाला दहा ते तीस हजार फेरे घेणाऱ्या चकतीवर टाकून तिच्या काठावरून भिरकावतात. थेंबाचा व्यास ५० मायक्रॉन धरला तर एक लिटर द्रावणाचे सुमारे दीड हजार कोटी थेंब होतात आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग १२० चौरस मीटर भरतो, म्हणजे एका चांगल्या प्रशस्त सदनिकेएवढा. एवढ्या पृष्ठभागावरून पाणी उडण्यास क्षण दोन क्षण पुरतात. आत येणारी हवा साधारण २०० अंशांची असते, बाहेर जाणारी शंभर अंशांच्या आसपास. बाष्पीभवनामुळे कण स्वतः थंडच राहतो. हवेबरोबर वाहत गेलेली भुकटी चक्रावर्ती संग्राहकात गोळा होते. ही भुकटी गोल कणांची असते, पण ती अजून फॉस्फर नव्हे. तिला भट्टीत भाजल्यावरच स्फटिक तयार होतो. मात्र मिश्रण आधीच एकजीव असल्याने रूढ पद्धतीपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला गार्नेट बनू लागते. शेवटी नायट्रोजनमध्ये थोडा हायड्रोजन मिसळून त्या वायूत पुन्हा तापवतात, जेणेकरून सिरियम तीन संयुजेच्या अवस्थेत राहील. चार संयुजेचे सिरियम हा पिवळा प्रकाश देत नाही. थेंब थेट तप्त नळीतून नेऊन शुष्कन व भाजणे एकाच दमात करण्याचीही पद्धत आहे. तिला फवारा-तापविच्छेदन म्हणतात. प्रयोगशाळांना ती प्रिय आहे, पण तिचे उत्पादन अल्प असते.

गोल कणाचा लाभ काय? गोल कण दाट रचले जातात, त्यामुळे थर पातळ व सारखा बसतो, प्रकाश कमी विखुरतो आणि एका दिव्याचा रंग दुसऱ्यापासून वेगळा पडत नाही. एकाच छताखालील शंभर दिव्यांत दहा वेगवेगळे पांढरे दिसणे, हा दोष आपण दुकानांत पुष्कळदा पाहतो. चकती आणि भुकटी यांच्या प्रतीतील चढउतार हे त्याचे मूळ असते.

अडचणी

संशोधन-निबंधांत या पद्धतीचे गुण जितक्या विस्ताराने येतात तितक्या विस्ताराने तिचे दोष येत नाहीत. पहिला दोष पोकळ कणांचा. थेंब बाहेरून आधी सुकतो, वर कवच धरते आणि आतील बाष्प त्याला फुगवते. दुधाच्या भुकटीत पोकळपणा एक वेळ चालतो, किंबहुना ती पाण्यात लवकर विरघळते. फॉस्फरमध्ये मात्र पोकळ गोळी म्हणजे भट्टीत किंवा थर देताना चुरा होणारी गोळी. द्रावणाऐवजी अतिसूक्ष्म ऑक्साइड कणांचा दाट राळा फवारला तर हा दोष बराच घटतो. दुसरी अडचण चिकटपणाची. धातूंची नायट्रेटे हवेतील ओलावा ओढतात आणि तापल्यावर सुकण्याआधी वितळतात. शुष्ककाच्या भिंतीला त्यांचा लेप बसतो.

तिसरी अडचण प्रस्तुत लेखकाला सर्वांत गंभीर वाटते आणि तिचा हिशेब कोणासही करता येईल. इट्रियम व ॲल्युमिनियम यांची नेहमीची स्फटिकरूप नायट्रेटे घेतली तर पाच किलोंपेक्षा किंचित अधिक क्षारातून एक किलो याग मिळते. उरलेले चार किलो जातात कोठे? काही पाणी असते, काही ऑक्सिजन; पण नायट्रेटातील सर्व नायट्रोजन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर पडला असे धरले तर दर किलो फॉस्फरमागे त्याचे वजन १.८६ किलो भरते. उत्पादित वस्तूच्या जवळजवळ दुप्पट विषारी वायू. तो धुऊन काढणारी यंत्रणा न बसवता केलेला प्रकल्प-अहवाल स्वस्त दिसेल; पण त्यातील बचत म्हणजे शेजारच्या वस्तीवर टाकलेला खर्च होय. ॲसिटेट क्षार किंवा ऑक्साइडचा राळा वापरल्यास हा प्रश्न टळतो वा कमी होतो. कच्चा माल निवडताना केवळ किलोमागचा भाव पाहून चालत नाही, तो यासाठी.

ऊर्जेची चिंता त्या मानाने कमी आहे. अंतिम भुकटीच्या हिशेबाने १० टक्के द्रावण धरले तर एक किलो भुकटीसाठी सुमारे ९ किलो पाणी उडवावे लागते. खोलीच्या तापमानापासून एक किलो पाण्याची वाफ करण्यास साधारण २.६ मेगाज्यूल उष्णता लागते. शुष्ककातील अपव्यय धरून ती दुप्पट मानली तर एका किलोला १३ युनिटांएवढी उष्णता खर्ची पडेल. दुधाच्या भुकटीच्या व्यवसायात एवढा खर्च दिवाळे काढील, आणि म्हणूनच तेथे दूध आधी निर्वात बाष्पकात आटवून दाट करतात. विरल मृत्तिकांच्या भुकटीत तो किमतीचा लहानसा अंश ठरतो.

आणखी एक मर्यादा रंगाची. यागच्या प्रकाशात तांबडा भाग अपुरा असतो. दिव्यांच्या खोक्यावर छापला जाणारा वर्णदर्शन निर्देशांक आठ फिकट रंगांच्या सरासरीवर काढतात. गडद तांबडा त्यात येतच नाही. त्यामुळे निर्देशांक ८० असलेल्या दिव्याखालीही कांचीपुरम साडीचा ‘अरक्कू’, म्हणजे लाखेसारखा गडद तांबडा, मळकट तपकिरी दिसू शकतो. दाराशी जाऊन साडी पाहणाऱ्या ग्राहकाची शंका अशी सकारण असते. ही उणीव भरून काढण्यासाठी यागमध्ये तांबडे फॉस्फर मिसळतात. ते बहुधा युरोपियमयुक्त नायट्राइड असते किंवा मँगेनीजयुक्त फ्लोराइड. पहिल्याचा कच्चा माल पाण्याशी अभिक्रिया करतो, दुसऱ्याच्या निर्मितीत हायड्रोफ्लोरिक आम्ल लागते. पाण्याच्या फवाऱ्याचे हे क्षेत्र नव्हे. तेव्हा फवारा-शुष्ककाच्या बळावर सर्वच फॉस्फरांत स्वयंपूर्ण होण्याची भाषा कोणी केली तर ती सावधपणे ऐकावी. याग, इट्रियम ऑक्साइड, काही ॲल्युमिनेटे, सिलिकेटे आणि फॉस्फेटे एवढीच त्याची व्याप्ती.

किनाऱ्यावरची वाळू

चेन्नईहून सातशे किलोमीटर दक्षिणेला कन्याकुमारी जिल्ह्यात मनवलकुरिची हे किनाऱ्यावरील गाव आहे. तेथील वाळूत मोनॅझाइट असल्याचे जर्मन रसायनज्ञ शोम्बर्ग यांनी १९०९ मध्ये ओळखले, आणि कारण होते प्रकाशच. ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाख यांनी शोधलेल्या गॅसबत्तीच्या जाळीसाठी थोरियम हवे होते. त्या जाळीचे सूत्र ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि एक टक्का सिरियम ऑक्साइड असे होते. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत व तमाशाच्या फडात पेट्रोमॅक्सच्या बत्त्या जळत असत, त्यांच्या जाळीतही हेच द्रव्य होते. शंभर वर्षांत दिवे तीनदा बदलले, तरी पांढऱ्या प्रकाशाच्या मुळाशी चिमूटभर सिरियम पुन्हा आलेच.

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९५२ मध्ये केरळातील आलुवा येथे मोनॅझाइटवर प्रक्रिया सुरू झाली. मनवलकुरिची, चवरा आणि ओडिशातील छत्रपूर येथे तिचे वाळू-प्रकल्प आहेत. अणुऊर्जा विभागाने २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार देशात सुमारे १.३१५ कोटी टन मोनॅझाइट आहे. आकडा मोठा आहे, पण तो दिशाभूल करणाराही आहे. भारतीय मोनॅझाइटमध्ये सिरियम, लँथॅनम, निओडिमियम ही हलकी मूलद्रव्ये विपुल आहेत. फॉस्फरला लागणारे इट्रियम, युरोपियम आणि टर्बियम अत्यल्प. एक किलो यागमध्ये वजनाने ५७० ग्रॅम इट्रियम ऑक्साइड असते. म्हणजे ज्याचे आपल्याकडे डोंगर आहेत ते सिरियम १७ ग्रॅम लागते आणि जे जवळजवळ नाही ते अर्ध्या किलोहून अधिक! शिवाय मोनॅझाइटमध्ये थोरियम असल्याने ते अणुऊर्जा कायद्याच्या कक्षेत येते आणि किनाऱ्यावरील मच्छीमार वस्त्यांना खाणकामाविषयी वाटणारी काळजी निराधार म्हणून बाजूला सारता येत नाही. कन्याकुमारी जिल्ह्यात नव्या खाणक्षेत्राच्या प्रस्तावाला २०२४ मध्ये जो विरोध झाला तो दुर्लक्षून कोणतेही नियोजन टिकणार नाही.

इट्रियमचा प्रमुख पुरवठादार चीन आहे. २०१० मध्ये त्याने विरल मृत्तिकांच्या निर्यातीचा कोटा कमी करताच २०११ पर्यंत युरोपियम ऑक्साइडचा भाव किलोला हजारो डॉलरांवर गेला. जागतिक व्यापार संघटनेत चीनविरुद्ध निकाल लागला आणि २०१५ मध्ये कोटे रद्द झाले. एप्रिल २०२५ मध्ये सात मूलद्रव्यांवर निर्यात-नियंत्रण आले, त्यांत इट्रियम व टर्बियम होते. चीनबाहेरील बाजारात इट्रियमचे भाव लगेच भडकले. केंद्र सरकारने जानेवारी २०२५ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानाला ही पार्श्वभूमी आहे. सर्वसाधारण चर्चा मात्र विद्युत मोटारींच्या चुंबकांभोवती फिरते. दिव्यांचा विचार त्यात कोणी करीत नाही.

किती लागते?

आपण एक साधा हिशेब मांडू. नऊ वॅटच्या एका दिव्यात ३० मिलिग्रॅम फॉस्फर असते असे गृहीत धरू. प्रत्यक्ष आकडा रचनेनुसार कमीअधिक होईल. दहा कोटी दिव्यांना मग तीन टन फॉस्फर लागेल. तीन टन! एक मालमोटार पूर्ण भरणार नाही. तासाला दहा किलो पाणी उडवणारा, म्हणजे प्रायोगिक प्रकल्पांत असतो तसा, एक शुष्कक तासाला एक किलो भुकटी देईल आणि रात्रंदिवस चालवल्यास सव्वाशे दिवसांत दहा कोटी दिव्यांची गरज पुरी करील. त्यातून साडेपाच टनांच्या आसपास नायट्रोजन डायऑक्साइड निघेल, तो धुण्याची व्यवस्था एका जागी असल्याने नीट देखरेखीखाली ठेवता येईल. इट्रियम ऑक्साइड लागेल सुमारे १.७ टन.

या हिशेबाचे दोन परिणाम संभवतात आणि ते परस्परांच्या विरुद्ध दिशेने खेचतात. एक असा की फॉस्फर-निर्मितीतून मोठा रोजगार निर्माण होईल ही अपेक्षा सोडून द्यावी. एक शुष्कक, दोन भट्ट्या आणि एक चाचणी-प्रयोगशाळा चालवण्यास पन्नास माणसे पुरतात. एकेका राज्यात एकेक कारखाना अनुदानावर उभा करणे म्हणजे सगळ्यांनीच अर्धपोटी राहणे. दुसरा असा की एवढ्या अल्प राशीवर कोट्यवधी दिव्यांचे उत्पादन अवलंबून असेल तर तिचा पुरवठा सुरक्षित करण्याचा खर्चही अल्पच असतो. दोन-तीन वर्षांना पुरेल एवढे इट्रियम ऑक्साइड एका साध्या गोदामाच्या कोपऱ्यात मावेल. धान्याचा राखीव साठा करणाऱ्या देशाला हे कठीण वाटू नये.

ज्ञानाची बाजू भक्कम आहे. कारैकुडीच्या केंद्रीय विद्युत्-रसायन संशोधन संस्थेत फॉस्फरवर काम झाले आहे. नागपूर विद्यापीठात तर संदीप्तीच्या अभ्यासाची दीर्घ परंपरा आहे. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले डिस्प्रोशियमयुक्त कॅल्शियम सल्फेटचे फॉस्फर देशातील किरणोत्सार-क्षेत्रातील कामगारांच्या बिल्ल्यांत वर्षानुवर्षे वापरात आहे. म्हणजे गरज निश्चित आणि खरेदीदार ठरलेला असेल तेव्हा आपण फॉस्फर बनवतो आणि टिकवतोही. दिव्यांच्या बाबतीत तुटलेली कडी तीच. निचियाची मूळ पेटंटे २०१७ च्या सुमारास संपली, तरी शोधनिबंधातील दहा ग्रॅमपासून कारखान्याच्या शंभर किलोंपर्यंतचा रस्ता कोणी बांधला नाही. दिवे जोडणारा उद्योजक परिचित परदेशी भुकटी सोडून नव्या भुकटीचा धोका का पत्करील? एक खराब घाणा म्हणजे त्याचे लाखभर दिवे परत. वातानुकूलन यंत्रे व एलईडी यांसाठी २०२१ मध्ये आलेली ६,२३८ कोटी रुपयांची उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजना उत्पादकाला पैसा देते. भुकटीच्या प्रत्येक घाण्याला प्रमाणपत्र देणारी, उभयतांना मान्य असणारी तपासणी-व्यवस्था ती देत नाही. कारखान्याच्या अनुदानापेक्षा हा खर्च आधी व्हावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याच्या जोडीला दिव्याच्या खोक्यावर गडद तांबड्या रंगाचा वेगळा निर्देशांक छापणे बंधनकारक केले तर टी. नगरचा दुकानदार आणि ग्राहक दोघेही भुकटीच्या प्रतीसाठी किंमत मोजू लागतील. आज तारांकित खोक्यावर वॅटला किती प्रकाश एवढेच ठळक दिसते, आणि म्हणून स्पर्धाही तेवढ्यावरच होते.

इट्रियमचा एक साठा आपल्याकडे याआधीच येऊन पडलेला आहे. एलईडीपूर्वी या दुकानांत व घरांत सीएफएल होते. त्यांच्या आतील पांढऱ्या लेपात जवळजवळ निम्मा भाग युरोपियमयुक्त इट्रियम ऑक्साइडचा असतो. एका सीएफएलमध्ये साधारण एक ग्रॅम लेप धरला तर अर्धा ग्रॅम इट्रियम ऑक्साइड मिळू शकते. निम्मे वाया गेले असे मानले तरी उरलेल्यातून चौदा-पंधरा एलईडी दिव्यांचे याग होईल. हा लेप आम्लात विरघळवून शुद्ध केला की मिळते ते द्रावणच, म्हणजे फवारा-शुष्ककाला हवा तो कच्चा माल. पाऱ्यामुळे सीएफएल ई-कचरा नियमांत २०१६ पासून समाविष्ट आहेत आणि मिनामाता कराराखाली त्यांचे उत्पादन बंद करण्यासाठी २०२५ हे वर्ष ठरले होते. तेव्हा जुने दिवे गोळा करणे तसेही भागच आहे. मात्र फ्रान्समधील ला रोशेल येथे सोल्वे कंपनीने २०१२ मध्ये नेमका असाच उद्योग सुरू केला आणि विरल मृत्तिकांचे भाव कोसळल्यावर २०१६ मध्ये बंद केला. भाव चढल्यावर सुरू होणारा आणि उतरल्यावर बंद पडणारा कारखाना भाव पुन्हा चढतात तेव्हा हाताशी नसतो. म्हणून अशा प्रकल्पाला भांडवली अनुदान देण्याऐवजी इट्रियम ऑक्साइडच्या खरेदीचा किमान दर दहा वर्षांसाठी बांधून द्यावा. ही हमी १.७ टनांपुरती असेल, आणि तिचा अर्थसंकल्पावरील भार एखाद्या मध्यम उड्डाणपुलाच्या देखभालीपेक्षा फार अधिक होण्याचे कारण दिसत नाही.